वकील पारखणारी याडी

वकील बोलायला लागला की याडी त्याच्या तोंडाकडे बघत नसे. मान खाली घालून ती त्याच्या पायांकडे बघत राही. परक्याला वाटावं, म्हातारी लाजते आहे. पण लाजणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पक्षकार आपली हकीकत सांगत असताना वकिलाच्या बुटांची टोकं कुठे वळली आहेत, हे ती तपासत असे.

"ज्याचे पाय दाराकडं, त्याचं मनबी दाराकडं," ती म्हणे. "तोंडानं हो हो कोनीबी म्हन्ते, बाबू. पायाले खोटं बोलता येत नाई."

तुम्ही कधी कोर्टात गेलात तर बघा. मी बघितलं आहे. तिचं फारसं चुकत नसे.

मी तेव्हा पांढरकवड्याच्या कोर्टात बाबू होतो. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनीच. आजोबा तहसिलीत, वडील कलेक्टर कचेरीत, मी कोर्टात. दावे आणि अर्ज घेण्याच्या खिडकीमागे माझी खुर्ची होती. खिडकीसमोर व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होता आणि बाकाच्या डाव्या टोकाला याडी. तिच्या ओढणीला आरसे शिवलेले होते. अर्धेअधिक गळून पडले होते आणि त्यांच्या जागी दोऱ्याची रिकामी वर्तुळं उरली होती. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. तिचं खरं नाव दाव्याच्या कागदांवर होतं, मी कितीतरी वेळा ते लिहिलं. पण व्हरांड्यातलं कुणीच तिला त्या नावानं हाक मारत नसे, म्हणून इथेही ते नको.

ती वर्षं कापसाच्या पडत्या काळाची. बाजारात काय चाललं आहे हे मला खिडकीतूनच कळायचं. वारसाच्या अर्जांचा गठ्ठा दर हंगामानंतर जाड होत चालला होता, आणि अर्जदारांत बहुतेक बायांचीच नावं असत. पंचवीस-तीस वर्षांच्या बाया. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पदराखाली धरून त्या खिडकीशी येत आणि पहिला प्रश्न विचारत, "बाबूजी, चांगला वकील कोनता हो?"

याचं उत्तर देण्याची मला मनाई होती. कोर्टाच्या माणसानं कुठल्याही वकिलाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम आणि तो योग्यच आहे. पण बाकाकडे बोट दाखवू नये असं काही नियमात लिहिलेलं नव्हतं.

"त्या याडीपाशी बसा जरा," मी म्हणायचो.

याडी सरकून जागा करून देई. "बेस, बेटी," म्हणे. आणि बाई काही सांगायच्या आत विचारे, "आजवर कोन्या कागदावर अंगठा देला काय?"

हा प्रश्न ती पहिला का विचारत असे, ते मला ठाऊक होतं.

तिचा तांडा मुकुटबनच्या बाजूला. कपाशीत निंदण चालू असताना नवऱ्याला साप चावला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. पदरात एक मुलगी. शेत दोघा भावांचं सामाईक होतं. वर्ष उलटायच्या आत धाकट्या भावानं, म्हणजे तिच्या दिरानं, सातबाऱ्यावर एकट्याचं नाव चढवून घेतलं. तांड्यातल्या कुणीतरी तिला एका वकिलाकडे नेलं. त्याचा कोट नवा होता. तो तिला 'आई' म्हणाला. सहा महिन्यांत शेत तुमच्या हातात, असं त्यानं हातावर हात मारून सांगितलं.

दावा दाखल झाला. दोन-तीन तारखा झाल्या. मग एके दिवशी, तारीख वाढवायची आहे म्हणून, त्यानं तिचा एका कागदावर अंगठा घेतला.

पुढच्या तारखेला ती सकाळी आली. पुकारा होईल म्हणून बसून राहिली. दुपार झाली तरी नाव निघेना, तेव्हा माझ्या खिडकीशी आली. मी रजिस्टर उघडलं. दावा संपला होता. वादीनं स्वतःच्या मर्जीनं काढून घेतला, अशी नोंद होती.

"मी नाई काढला," ती म्हणाली.

"बाई, अंगठा तुमचाच आहे."

तिनं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ बघितला. एखाद्या घरातल्या माणसानं दगा दिल्यावर त्याच्याकडे बघावं, तसा. मग म्हणाली, "माह्या अंगठ्यानं काय म्हनलं, थे वाचून दाखव."

मी वाचलं. तिनं ते तीनदा वाचायला लावलं. मग ती बाकावर जाऊन बसली आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उठून गेली. मला वाटलं, ही काही आता परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती हजर होती. तिसऱ्या दिवशीही. तारीख नाही, केस नाही, तरी ती येई आणि बाकाच्या टोकाला बसून राही. असे महिना-दीड महिना गेले. अखेर मी विचारलं, "याडी, काहून येते तू रोज? काम काय तुझं?"

"वकील पाहून राह्यली," ती म्हणाली. "बैल घ्याचा असला तं आदी चार बाजार नुसते पाहा लागते. माह्या आज्याच्या वक्ताले आमचे लोक बैलावर मीठ वाहत. बैल चुकीचा निघाला तं मानूस जंगलातच राहे. मी पयल्याच बाजारात पयलाच बैल घेतला, बाबू. शिंगाले रंग होता म्हनून."

ती रोज बघत होती, ऐकत होती. कोण वेळेवर येतो, कोण पुकारा झाल्यावर धावत येतो, कोण आपल्या पक्षकाराला नावानं ओळखतो आणि कोणाला दर वेळी 'तुमची कोणती केस?' असं विचारावं लागतं. पोरींच्या लग्नासाठी घरं बघतात तशी ती वकील बघत होती. आणि मग एक दिवस उठून ती तीन वकिलांकडे गेली. तिघांनाही तिनं एकच प्रश्न विचारला. "हरलो तं काय होईन?"

पहिला हसला. "अगं, हरण्याचं नावच काढायचं नाही माझ्याकडे." दुसरा चिडला. आधीच अपशकुन कशाला, म्हणाला. तिसरा व्हरांड्याच्या पार टोकाला बसायचा. त्याच्या कोटाचे कोपर झिजून चकाकत होते आणि तो प्रत्येक पक्षकाराचं सगळं बोलणं स्वतःच्या हातानं वहीत लिहून घ्यायचा. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि सांगितलं, "हरलीस तर शेत दिराकडेच राहील. अपील करता येईल, पण त्यात अजून वर्षं जातील आणि तिथेही हरू शकतेस. त्याआधी तर जुना दावा परत उभा करावा लागेल. तोही उभा होईलच, असं मी आज सांगत नाही."

"मंग तूच घे," याडी म्हणाली.

मी तिला विचारलं, एवढं निराशेचं बोलणाऱ्यालाच का धरलंस?

"पाऊस येईनच म्हन्ते तो भोंदू. नाई आला तं काय पेराचं, थे सांगते तो कास्तकार."

जुना दावा परत उभा करण्यातच तीन वर्षं गेली. पण तो उभा झाला. तिच्या तारखा पुन्हा सुरू झाल्या आणि बाकावरची तिची जागा पक्की झाली. तारीख नसली तरी आठवड्याच्या बाजारासारखी ती एखादा दिवस येऊन जाई. तोवर तिची कीर्ती पसरली होती.

सगळ्यांना ती आपल्याच वकिलाकडे पाठवत असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. "नांगराचा फाळ सोनाराकडं नेते काय कोनी?" ती विचारे. वाटणीच्या दाव्याला एक, फौजदारीला दुसरा, वारसाच्या दाखल्याला तिसरा, अशी तिची मनातली यादी होती. ती कुणाकडून काही घेत नसे. चहासुद्धा नाही. चहा घेतला की जीभ पाजणाऱ्याची होते, म्हणे.

एकदा झरी जामणीकडचा एक कोलाम माणूस आला. जंगलातून लाकूड तोडलं म्हणून त्याच्यावर खटला झाला होता. त्याला मराठी जेमतेम येत होती. दोन वकिलांनी त्याला मान हलवायला लावून सगळं समजल्याचं कबूल करून घेतलं होतं. याडीला कोलामी येत नव्हती आणि त्याला बंजारा बोली येत नव्हती. दोघं बाकावर शेजारी बसून हातवारे करत होते आणि सगळा व्हरांडा हसत होता. पण याडीनं त्याला हाताला धरून नेलं ते अशा एका वकिलाकडे, ज्याचा मुनशी मुकुटबनचा होता आणि कोलामी बोलायचा. तो माणूस त्या मुनशीपुढे बसला आणि एकदम भडाभडा बोलायला लागला. ज्या दिवशी लाकूड तोडलं म्हणत होते त्या दिवशी तो गावातच नव्हता. सासऱ्याच्या मयतीला गेला होता. इतके दिवस हे त्याला कुणाला सांगताच आलं नव्हतं.

"वकील हुशार असून काय करतं," याडी परत येऊन बसत म्हणाली. "पयले तुही गोठ तं त्याच्या कानात शिरली पायजे."

पक्षकारांनाही ती सोडत नसे. एक गृहस्थ तिला आपली बाजू रंगवून सांगत होते. तिनं अर्ध्यातच थांबवलं. "दवाखान्यात गेला तं पोट उघडं करून दाखवतं ना? मंग वकिलापाशी कायले झाकून राह्यला? आपल्या वकिलाले खोटं सांगशीन तं समोरचा वकील खरं काढीन. मंग तुहा वकील काय करीन, टाळ्या वाजवीन?"

काही वकिलांचा तिच्यावर राग होता. एकानं माझ्याकडे तक्रारही केली, की ही बाई आमच्या धंद्याच्या मुळावर उठली आहे. पण एक मात्र गमतीचं घडलं. पायांची गोष्ट हळूहळू सगळ्यांना कळली. एक बडे वकील पक्षकार आला की मुद्दाम दोन्ही पाय जोडून, बुटांची टोकं थेट त्याच्याकडे करून बसायला लागले. याडीनं ते दोन दिवस पाहिलं आणि तोंडावर ओढणी घेऊन हसली. "शिकला रे शिकला! कसाबी असंना, ऐकू तं लागला."

आता माझं सांगतो. हे सांगायला मला आजही जड जातं.

माझी धाकटी बहीण वैशू सासरचा जाच सोसवेना म्हणून माहेरी निघून आली. येताना तिच्या चार वर्षांच्या मुलीला त्यांनी ठेवून घेतलं. वर्षानुवर्षं कोर्टात बसलेला मी. सगळे वकील मला ओळखत. मी सगळ्यात नावाजलेला वकील गाठला. तो यवतमाळहून गाडीनं यायचा, त्याच्या पुढेमागे दोन ज्युनियर चालायचे. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. लग्नात दिलेलं सोनं, भांडी, त्यांनी केलेला आमचा अपमान, चारचौघांत आईला बोललेले शब्द. वैशू शेजारी बसली होती. वकिलानं मान डोलावली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही निश्चिंत राहा."

तीन महिने गेले. दोन नोटिसा गेल्या, त्यांची उत्तरं आली. एके दिवशी वकील यायचा होता म्हणून वैशूला बाकावर बसवून मी आत कामाला गेलो. दुपारी बाहेर आलो तर ती याडीच्या खांद्याला टेकून रडत होती. मला पाहताच याडीनं मला समोर बसायला सांगितलं. साहेबानं चपराशाला सांगावं, तसं.

"बाबू, तुह्या वकिलानं हिले काय इचारलं?"

"मी सगळं सांगितलं ना त्याला."

"तू सांगतलं. त्यानं हिले काय इचारलं?"

मी वैशूकडे पाहिलं. वैशू म्हणाली, "काहीच नाही, दादा. ते तुझ्याशीच बोलले."

"मंग तो भावाचा वकील होय, हिचा नाई." याडी वैशूकडे वळली. "बेटी, तुले काय पायजे? सोनं पायजे? भांडे पायजे?"

"माझी मुलगी पाहिजे," वैशू म्हणाली. "बाकी काही नको मला. गेल्या तीन महिन्यांत तिनं मला एकदाही पाहिलेलं नाही."

"बाबू, हे तुह्या वकिलाले मालूम हाय काय?"

त्याला माहीत नव्हतं. कारण मला माहीत नव्हतं. म्हणजे मुलगी तिकडे आहे हे माहीत होतं, पण मी धरून चाललो होतो की आधी त्यांना धडा शिकवू, मग मुलीचं बघू. चार पानांच्या नोटिशीत सोन्याच्या बांगड्यांचं वर्णन होतं आणि मुलीचं नाव एका ओळीत, तेही चुकीचं लिहिलेलं. ती नोटीस जाण्याआधी मी वाचली होती. मलाही चूक दिसली नव्हती.

लोकांना बाकाकडे बोट दाखवणारा मी. माझ्या घरावर वेळ आली तेव्हा मी स्वतः त्या बाकाकडे पाहिलं नव्हतं. तांड्यावरच्या अंगठेबहाद्दर म्हातारीला काय विचारायचं, असंच माझ्या मनात असणार. नाहीतर दुसरं काय कारण?

याडीनं वैशूसाठी एक बाई वकील सुचवली. नवी होती. तिचं टेबल जिन्याखाली, उंच माणसाला वाकून जावं लागे अशा जागी होतं. आम्ही गेलो तेव्हा मी सवयीनं बोलायला सुरुवात केली. बाईंनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. माझ्याच कोर्टात, माझ्याच व्हरांड्यात, पक्षकाराच्या भावासारखा. दोन तासांनी वैशू बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती ताठ चालत होती. त्या दोन तासांत तिनं जे सांगितलं, त्यातलं अर्धं तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी फक्त मुलीसाठी अर्ज केला. बांगड्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. हुकूम व्हायला दिवाळी उजाडली, पण हुकूम झाला. मुलगी घरी आली तेव्हा आईला बिलगायच्या आधी क्षणभर तिच्याकडे नुसती बघत उभी राहिली. तो क्षण माझ्या खात्यावर आहे. योग्य वकील आधी गाठला असता तर तो झाला नसता.

वैशू याडीला साडी घेऊन गेली. याडीनं ती घेतली नाही. मुलीला मात्र मांडीवर घेतलं आणि तिचे पाय चेपत बसली.

याडीच्या दाव्याला दहा-अकरा वर्षं होत आली होती. तिचा दीरही प्रत्येक तारखेला यायचा. बाकाच्या डाव्या टोकाला ती, उजव्या टोकाला तो. दोघांच्या मध्ये अख्ख्या तालुक्याची भांडणं बसून जायची. एवढ्या वर्षांत मी त्यांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. दोघंही माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे झाले.

पोळ्यानंतरची एक तारीख होती. दिराचा वकील आलाच नाही. पुढची तारीख पडली. दीर बराच वेळ बसून राहिला. मग उठला आणि सरकत सरकत याडीजवळ येऊन बसला.

"भोजाई," त्यानं वहिनीला हाक मारली. "एक इचारू काय?"

माझा शिक्का मारायचा हात थांबला.

"माहा वकील बराबर नाई. मले काईच सांगत नाई. तारीख घेते अन् जाते. तू समद्याईले सांगतं. मले सांग, कोनता पाहू?"

याडी त्याच्याकडे बघत राहिली. तिनं त्याला एखादा कुचकामी वकील सांगितला असता तर तिला कुणी दोष दिला नसता. मी तर मनात दोन नावंही काढून ठेवली.

"तुले काय पायजे?" तिनं विचारलं. "शेत पायजे का भांडन पायजे?"

"मले आता सुखानं झोप पायजे," तो म्हणाला.

तिनं त्याला नाव सांगितलं. शेतीच्या दाव्यांत अख्ख्या तालुक्यात त्या वकिलाच्या तोडीचा दुसरा नव्हता.

तो गेल्यावर मी खिडकी सोडून बाहेर आलो. "याडी, काय केलं हे? शत्रूच्या हातात तलवार दिली!"

"वाईट वकील देला असता तं अजून दहा वर्सं दोघंबी अठीच बसलो असतो. चांगला वकील एकाकडंच असला तं केस चालते, बाबू. दोघाईकडं असला तं मिटते."

मला ते पटलं नाही. नव्या वकिलानं सगळे कागद वाचले आणि दुसऱ्याच भेटीत दिराला सांगितलं, की तुमची बाजू लंगडी आहे, वहिनीचा अर्धा हिस्सा आज ना उद्या द्यावाच लागेल, आज दिलात तर बोलून देता येईल. दीर भडकला. तडक बाकाशी येऊन याडीवर ओरडला, "तू मले हारवनारा वकील देला!"

"खरं सांगनारा देला," याडी म्हणाली. "हारवलं मी नाई. तुले मालूमच होतं."

तो पाय आपटत निघून गेला. पुढच्या दोन तारखांना तो पुन्हा उजव्या टोकाला बसला. पण वकील बदलला नाही. हिवाळ्यात दोन्ही वकील एका टेबलाशी बसले, आणि कापूस घरात येईपर्यंत मसुदा तयार झाला. अर्धं शेत तिचं. विहीर त्याच्या वाट्याला गेली, पण पाण्याची पाळी दिवसाआड तिची, हे तिच्या वकिलानं स्वतंत्र कलम करून लिहिलं.

तडजोडीच्या दिवशी तिनं कागद दोनदा वाचून घेतला. न्यायाधीशांनी विचारलं, समजलं का? "साहेब, मलेबी समजलं अन् माह्या अंगठ्यालेबी समजलं," ती म्हणाली. साहेब हसले. दीर खाली बघत होता. त्याचीही सही होती. ती करताना त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तिनं मान हलवली, कर म्हणून.

त्यानंतर ती पांढरकवड्याला आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. दाखला घेऊन आलेल्या बाया मला तोच प्रश्न विचारत आणि मी गप्प बसे. मग माझी बदली झाली. काही वर्षांनी तिचे वकील भेटले. याडी गेली, म्हणाले. कापूस वेचायच्या दिवसांत, आपल्या शेतात. तिला खांदा द्यायला दीर पुढे होता.

पण मला ती आठवते ती तडजोडीच्या दिवसाची. कामकाज आटोपल्यावर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला स्टँडवर सोडायला निघालो. रस्त्यात ती थबकली. "बाबू, पांढरकवडा केवढं हाय रे?"

अकरा वर्षं ती या गावी येत होती. स्टँड ते कोर्ट आणि कोर्ट ते स्टँड, यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं. मी तिला बाजारातून फिरवलं. ती प्रत्येक दुकानापुढे थांबली. स्टीलच्या डब्यांवर हात फिरवला, आपल्या लेकीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. फिरत फिरत आम्ही मोठ्या रस्त्यावर आलो. एकामागून एक ट्रक चालले होते. सरकीचे, कोळशाचे, ताडपत्री बांधलेले.

"हे समदे कुठं चालले?"

"इकडचे नागपूरला, तिकडचे हैदराबादला."

"कोर्टात कोनीच नाई?"

"नाही, याडी. कोर्टात कुणीच नाही."

तिला ते फार आवडलं. रस्त्याच्या कडेला ती बराच वेळ उभी राहिली. "जाऊ दे त्याईले, जाऊ दे," ती म्हणत होती. आणि एकेक ट्रक समोरून गेला की हात किंचित वर करत होती, लेकराला शाळेत धाडताना आई दारातून करते तसा.